पोलिसांनी ‘ड्रम’ फिरवला, म्हणजे नेमकं काय केलं?

ब्रिटिश पोलिसी मालिकेतला एखादा फौजदार साहेबाला सांगतो, ‘वी स्पन हिज ड्रम धिस मॉर्निंग.’ यंत्राकडून मराठी करून घेतलं की खाली येतं, ‘आज सकाळी आम्ही त्याचा ढोल फिरवला.’ संशयित बँडवाला नसेल तर बघणारा बुचकळ्यात पडणारच. फौजदाराला म्हणायचं असतं एवढंच, की सकाळीच जाऊन त्याच्या घराची झडती घेतली.

‘ड्रम’ हा शब्द इतका ओळखीचा आहे की त्यासाठी शब्दकोश उघडावा असं कुणाच्या मनातच येत नाही. घोटाळा तिथेच होतो. अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो, ओळखीचा असला की तसाच पुढे जातो. आणि हा शब्द लंडनमध्ये घर होतो, सिडनीत आतली खबर होतो, जुन्या अमेरिकेत त्याला ‘-र’ लागला की फिरता विक्रेता होतो. यांतल्या एकाही ठिकाणी काही वाजत नसतं.

आधी थोडं मुळाबद्दल. इंग्रजीत ‘ड्रम’ 16व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आला. त्याआधी छोट्या ढोलाला ‘टेबर’ म्हणत आणि जोडीने वाजवायच्या नगाऱ्यांना ‘नेकर’. हा नेकर अरबी ‘नक्कारा’वरून फ्रेंचमार्गे तिकडे पोचला आणि त्याच नक्काऱ्याचा आपल्याकडे नगारा झाला. म्हणजे इंग्रजांनी आपल्या नगाऱ्याचा सख्खा भाऊ टाकून ‘ड्रम’ घेतला. हा नवा शब्द बहुधा डच किंवा उत्तर जर्मनीतल्या बोलींमधल्या ‘ट्रॉमेलस्लाख’सारख्या शब्दाचा तुकडा आहे, आणि त्या अख्ख्या शब्दाचा अर्थ ‘ढोलावरचा ठोका’. वाद्यापेक्षा ठोका जुना, हे लक्षात ठेवलं तर पुढचे बरेचसे अर्थ आपोआप जागेवर बसतात.

ब्रिटनपासून सुरुवात करू. चोरांच्या बोलीत ‘ड्रम’ म्हणजे घर हा अर्थ 19व्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. तो कुठून आला यावर कोशकारांचं एकमत नाही. एक धागा युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘ड्रोम’कडे जातो. त्याचा अर्थ रस्ता, आणि तो रोमानीत ग्रीक ‘ड्रोमोस’वरून आलेला. जुन्या चोरबोलीत ‘ड्रम’चा रस्ता असाही अर्थ होता, आणि रस्त्यावरून रस्त्यावरच्या घराकडे जाणं काही अवघड नाही. अर्थ मात्र पक्का आहे: राहायची जागा, मग ती भाड्याची खोली असो की बंगला. ‘नाइस ड्रम यू गॉट हिअर’ असं कुणी म्हणालं तर तो घराचं कौतुक करतोय, कोपऱ्यातल्या ड्रमसेटचं नव्हे.

या अर्थाची खूण सांगायची तर ती क्रियापदात आहे. ‘स्पिन अ ड्रम’ आणि ‘टर्न ओव्हर अ ड्रम’ म्हणजे झडती घेणं, घर पालथं घालणं. ‘डू अ ड्रम’ किंवा ‘स्क्रू अ ड्रम’ म्हणजे घरफोडी करणं. यातल्या ‘स्क्रू’ने आणखी एक खड्डा खणून ठेवलाय. आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा त्याचा अश्लील अर्थ येतो. ब्रिटिश गुन्हेगारी बोलीत तो कुलूप-किल्लीशी जोडलेला आहे, म्हणून घरफोड्याला ‘स्क्रूजमन’ म्हणतात.

इथे ठोकाही परत येतो. ‘ड्रमिंग’ म्हणजे आधी दार वाजवून बघणं. आत कुणी असलं आणि दार उघडलं, तर एखादं खोटंच नाव घेऊन ‘ते इथेच राहतात ना?’ असं विचारायचं आणि माफी मागून सटकायचं. कुणी आलं नाही तर घर रिकामं. असं करणारा तो ‘ड्रमर’. त्यामुळे ब्रिटिश पोलीस ‘ही इज अ नोन ड्रमर’ म्हणाला, तर त्याला ‘प्रसिद्ध ढोलवादक’ करू नका. ‘पोलिसांच्या यादीवरचा घरफोड्या’ करा.

मराठीत घर या अर्थाच्या ‘ड्रम’ला काय म्हणावं? माझ्या मते बोलणारा गुन्हेगार असेल तर ‘खोली’ किंवा ‘ठिकाण’ चांगलं बसतं. ‘अड्डा’ टाळावा. अड्डा म्हटलं की तिथे काहीतरी काळंबेरं चालतं हे आलंच, आणि लंडनच्या ड्रममध्ये तसं काही नाही. माणसाची म्हातारी आई राहते ते घरही ड्रमच. पोलिसाच्या तोंडी असेल तर सरळ ‘घर’ म्हणावं आणि सगळा रांगडेपणा क्रियापदात टाकावा: ‘सकाळीच त्याचं घर उलटंपालटं केलं.’

‘अड्डा’ खरा लागतो तो ऑस्ट्रेलियात. तिथल्या जुन्या बोलीत ‘ड्रम’ म्हणजे कुंटणखाना. पण आज ऑस्ट्रेलियन माणूस हा शब्द वापरतो तो बहुतेक दुसऱ्याच अर्थाने. ‘आय विल गिव्ह यू द ड्रम’ म्हणजे ‘मी तुला आतली खबर देतो’. 20व्या शतकाच्या सुरुवातीपासून हा अर्थ रुळलाय आणि त्याचं माहेर घोड्यांची शर्यत. ढोल वाजवून इशारा द्यायची कल्पना त्यामागे असावी. शर्यतीच्या मैदानावर कोणता घोडा तयारीत आहे, कुणाचा पाय दुखावलाय, कुणाला आज मुद्दाम मागे ठेवणार आहेत, हे तबेल्यातून ज्याला कळतं त्याच्याकडे ‘द ड्रम’ असतो. त्याचं क्रियापदही होतं. ‘ही ड्रम्ड मी’ म्हणजे त्याने मला आधीच सांगून ठेवलं, सावध केलं.

गंमत बघा. मराठीत ढोल पिटला की गोष्ट गावभर होते. ऑस्ट्रेलियात ड्रम दिला की ती एकाच कानात जाते. म्हणून इथे ‘ढोल पिटणे’, ‘डांगोरा’, ‘दवंडी’ यांतलं काहीही घेतलं की अर्थ नुसता चुकत नाही, उलटा होतो. ‘पक्की टीप’, ‘आतली बातमी’, किंवा बोलणारा शर्यतीचा शौकीन नसेल तर ‘खरं काय ते सांगतो’ असं करावं. आणि आधी ‘द’ आहे का ते बघावं. खबर या अर्थी बहुतेकदा ‘द ड्रम’ असतो, ‘अ ड्रम’ नाही.

‘अ ड्रम’ येतो तो ‘रन’बरोबर, आणि तिथे खरी परीक्षा. दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून बघा.

‘द हॉर्स डिडन्ट रन अ ड्रम.’

‘शी रॅन अ ड्रम इन द नाइन्टीन ट्वेंटीज.’

पहिल्यात घोडा टिपेप्रमाणे धावला नाही. त्याच्यावर लावलेले पैसे बुडाले. हा प्रयोग जवळपास नेहमी नकारार्थीच येतो आणि पुढे घोड्यावरून माणसांवर, संघांवर, धंद्यावरही गेला. जो अपेक्षेला उतरला नाही, त्याने ‘ड्रम’ धावून दाखवला नाही. दुसऱ्या वाक्यातली बाई 1920 च्या दशकात कुंटणखाना चालवत होती. क्रियापद तेच, नाम तेच, देशही तोच. फरक कर्त्याचा आणि नकाराचा. मराठीत पहिल्यासाठी ‘घोडा कुठेच आला नाही’ म्हटलं तर शर्यतीचा वास टिकतो. ‘घोड्याने ढोल पळवला नाही’ असं वाक्य एखाद्या भाषांतरात दिसलं तर समजा, ऑस्ट्रेलिया हातातून निसटला.

ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर ‘द ड्रम’ नावाचा चालू घडामोडींचा कार्यक्रम होता. 2010 ला सुरू झाला, 2023 अखेर बंद पडला. परक्या माणसाला नावात फक्त गाजावाजा ऐकू येतो. तिथल्या माणसाला त्यात ‘आतलं काय ते इथे कळेल’ हे वचनही ऐकू येतं. शीर्षकातला असा श्लेष मराठीत आणता येत नाही. नाव तसंच ठेवावं आणि गरज पडली तर एका वाक्यात खुलासा करावा.

खबरीवरून एक शेजारचा शब्द. ऑस्ट्रेलियात खात्रीच्या माहितीला ‘गुड ऑइल’ही म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैनिकांच्या तोंडी ‘डिंकम ऑइल’ होतं. आणि बाजारगप्पेला, खोट्या वावडीला शब्द आहे ‘फर्फी’. व्हिक्टोरियातल्या शेपार्टनच्या फर्फी कारखान्यात बनलेल्या लोखंडी पाण्याच्या गाड्यांवर ते नाव मोठ्या अक्षरांत ओतलेलं असे. छावणीत या गाडीभोवती पाण्यासाठी गर्दी व्हायची आणि गर्दीत गप्पा पिकायच्या. म्हणजे एकाच देशात ड्रममधली बातमी खरी आणि पाण्याच्या पिंपाची खोटी. दोन्ही वस्तू गोल, पोकळ आणि आडव्या ठेवल्या तर गडगडणाऱ्या. तेल, ड्रम, पिंप असं सगळं एकत्र गुंफून कुणी मूळकथा रचून देईल, पण भुलू नका. फर्फीची गोष्ट तेवढी पक्की आहे. ‘ऑइल’ आणि ‘ड्रम’ यांचा तेलाच्या पिंपाशी सांधा जोडायला आधार नाही.

ऑस्ट्रेलियाचं अजून संपलेलं नाही. 19व्या शतकात कामाच्या शोधात गावोगाव पायी हिंडणारे मजूर आपलं अंथरूण-पांघरूण गुंडाळून, त्यातच कपडे आणि किडूकमिडूक कोंबून, पट्ट्यांनी आवळून खांद्यावर टाकत. त्या लांबट गोल गाठोड्याला सर्वसाधारण शब्द ‘स्वॅग’, आणि आकारावरून ‘ड्रम’. ‘हंप युअर ड्रम’ म्हणजे ते पाठीवर मारून वाट चालणं. ‘हंप’ तिथे वाहून नेणं. यासाठी मराठीत आयता शब्द आहे: वळकटी. गुंडाळी, दोरी, प्रवास, सगळं त्यात आलं. ‘पाठीवर वळकटी मारली आणि निघाला’ याहून नेमकं मला तरी सुचत नाही.

याच मजुरांपैकी काही मेंढ्यांची लोकर कातरायच्या हंगामी कामावर जात. कातरणाऱ्यांच्या शेडमध्ये सगळ्यात झपाट्याने हात चालवणाऱ्याला ‘रिंगर’ म्हणत. दिवसाला 200 मेंढ्या उरकणारा तो ‘गन’. आणि सगळ्यांच्या मागे राहणारा तो ‘ड्रमर’. इथे ‘ड्रमर’ ही सरळ टिंगल आहे. ‘रिंगर’कडेही लक्ष असू द्या. ऑस्ट्रेलियाबाहेर तो बहुतेकदा खोट्या नावाने स्पर्धेत घुसवलेला खेळाडू किंवा घोडा. शेडमधलं वर्णन वाचताना हे दोन शब्द उलटे लावले, तर उत्तम कामगार भामटा ठरतो आणि आळशी माणूस कलावंत.

अमेरिकेत गेलो की ‘ड्रमर’ पुन्हा बदलतो. 19व्या शतकातल्या अमेरिकेत तो पेटीत मालाचे नमुने घेऊन आगगाडीने शहरोशहरी फिरणारा, दुकानदारांकडून ऑर्डरी गोळा करणारा विक्रेता. सैन्यभरतीसाठी ढोल वाजवत माणसं गोळा करत, तसा हा गिऱ्हाइकं गोळा करतो. ‘ड्रम अप बिझनेस’ हा आजही चालणारा प्रयोग त्याच घराण्यातला. ‘द होटेल वॉज फुल ऑफ ड्रमर्स’ असं त्या काळच्या गोष्टीत आलं, तर रात्री संगीताचा कार्यक्रम नसतो. खोल्याखोल्यांत साबण, कापड आणि कागदाचे नमुने पसरलेले असतात.

हा शब्द बोलीपुरता राहिला नाही, कायद्यातही शिरला. टेनेसी राज्याने मेम्फिस शहर ज्यात येतं त्या शेल्बी काउंटीत ‘ड्रमर्स’वर कर बसवला होता. तिथे कायम परवान्याचं दुकान नसताना नमुन्यावर माल विकणाऱ्याने आठवड्याला 10 डॉलर किंवा महिन्याला 25 डॉलर भरायचे. ओहायोतल्या सिनसिनाटीच्या एका पेढीसाठी मेम्फिसमध्ये ऑर्डरी घेणाऱ्या माणसाने कर भरला नाही. दंड झाला, आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1887 साली न्यायालयाने निकाल दिला की राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करणं हा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा अधिकार, आणि राज्याला बाहेरच्या विक्रेत्यावर असा कर लादता येणार नाही. त्या कायद्याचं मराठी करताना ‘ढोलवादकांवर कर’ असं झालं, तर निकालाचं एकही वाक्य लागणार नाही.

‘ड्रम अप’ला मराठी शब्द निवडताना हात जरा आखडता घ्यावा. ‘ड्रम अप सपोर्ट’ म्हणजे पाठिंबा जमवणं, उभा करणं. ‘डांगोरा पिटणं’ म्हणजे फक्त बोभाटा. जमवण्यात कुणीतरी येऊन मिळतं, डांगोऱ्यात आलंच पाहिजे असं नाही. आणि हाच प्रयोग स्कॉटलंडच्या डोंगरात ऐकू आला, तर पाठिंब्याचा संबंधच नाही. तिथले जुने गिर्यारोहक आणि ब्रिटनभरचे भटके ‘ड्रम अप’ म्हणत ते उघड्यावर जाळ करून डब्यात चहा उकळण्याला. ‘वी स्टॉप्ड फॉर अ ड्रम-अप’ म्हणजे ‘चहासाठी थांबलो’. मागे ‘बिझनेस’, ‘सपोर्ट’, ‘इंटरेस्ट’ असं काही कर्म आहे की नाही, ते बघावं. कर्म नसेल आणि आजूबाजूला पाऊस, डोंगर, जाळ असेल, तर चहा.

‘ड्रम आउट’ आणि ‘ड्रम इनटू’ यांत प्रदेशाचा फरक नाही, म्हणून थोडक्यात. पहिलं सैन्यातलं. बेअब्रू झालेल्या शिपायाला ढोलाच्या तालावर तुकडीबाहेर काढत, म्हणून ‘अपमान करून हाकलणं’. दुसरं म्हणजे एकच गोष्ट हजारदा सांगून डोक्यात भरवणं.

एक अर्थ मात्र पूर्ण मेलाय आणि तरी जुनं लेखन वाचणाऱ्याला छळतो. 18व्या शतकातल्या लंडनमध्ये ‘ड्रम’ म्हणजे कुणाच्या तरी घरी संध्याकाळी भरणारी बड्या लोकांची तुडुंब मेजवानी. नाव का पडलं? त्या काळच्या एका लेखकाने दिलेलं कारण मला फार आवडतं: आवाज मोठा आणि आत पोकळ. गर्दी वाढेल तशी त्याची चढती नावंही होती: ड्रम-मेजर, राउट, टेम्पेस्ट, हरिकेन. शेवटची दोन म्हणजे अक्षरशः वादळ आणि चक्रीवादळ. पुढे 19व्या शतकात दुपारच्या चहाच्या घरगुती जमावाला ‘केटलड्रम’ म्हणू लागले. चहाची किटली आणि जुना ‘ड्रम’, दोन्ही एका शब्दात. म्हणून ‘शी गेव्ह अ ड्रम’ 1750 मधलं असेल तर तिने मेजवानी दिली, आणि ‘शी गेव्ह मी द ड्रम’ 1950 मधलं ऑस्ट्रेलियन असेल तर तिने मला खबर दिली.

नावांत हा शब्द वेगळ्याच वाटेने येतो. डब्लिनचं ड्रमकॉन्ड्रा, ग्लासगोचं ड्रमचॅपल, लॉक नेसच्या काठावरचं ड्रमनाड्रॉकिट यांतला ‘ड्रम’ आयरिश-गेलिक ‘द्रुइम’. अर्थ पाठ, डोंगराची धार. हिमनदीने मागे ठेवलेल्या लांबट टेकाडाला भूगोलात ‘ड्रमलिन’ म्हणतात, तेही याच शब्दावरून. या नावांचं भाषांतर करायचंच नसतं, पण ‘ढोलांचं गाव’ अशी रंगतदार व्युत्पत्ती देणारे प्रवासलेखक असतातच. अमेरिकेतल्या ‘रेड ड्रम’ आणि ‘ब्लॅक ड्रम’ या माशांच्या नावात मात्र खरोखर वाद्य आहे. हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतात.

आता पिंप. हा बोलीतला अर्थ नाही, रोजचा व्यावहारिक आहे, पण आकड्यांची चूक इथेच होते. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये ‘44-गॅलन ड्रम’ म्हणतात, नुसतं ‘फॉर्टी-फोर’ म्हटलं तरी चालतं. अमेरिकेत त्याच मापाच्या पिंपाला ‘55-गॅलन ड्रम’. दोन वेगळी पिंपं नाहीत, गॅलन वेगळे. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा, अमेरिकी 3.785 लिटरचा. 44 ब्रिटिश गॅलन म्हणजे 200 लिटर, 55 अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे 208 लिटर. मराठीत ‘200 लिटरचं पिंप’ लिहिलं की दोन्हीकडचं काम भागतं. फक्त खनिज तेलाच्या भावात येणारा ‘बॅरल’ आणि हा ड्रम एक समजू नका. तो बॅरल 42 अमेरिकी गॅलनचा, म्हणजे 159 लिटरचा.

याच पिंपांपासून त्रिनिदादमध्ये वाद्य तयार झालं. बाहेरचे लोक त्याला ‘स्टील ड्रम’ म्हणतात. तिथला माणूस त्याला ‘पॅन’ म्हणतो, वाजवणाऱ्याला ‘पॅनिस्ट’, आणि ‘ड्रम’ म्हणणारा बाहेरचा आहे हे लगेच ओळखतो. म्हणजे इतक्या सगळ्या जागांमध्ये जिथे हातात खरोखर पिंप आहे, त्यावर ठोका पडतोय आणि सूर निघतोय, नेमका तिथेच हा शब्द चालत नाही.